आणखी एक नाव

बापू, माझे वडील, दोन बायबलं घेऊन आले तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होते. एक बायबल त्यांचं स्वतःचं, कातडी बांधणीचं, पानांच्या कडा हाताळून काळ्या पडलेलं. दुसरं टॉवेलात गुंडाळून काखेत धरलेलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, आमच्या गिरणीवाल्याकडून मागून आणलंय, तो तुझ्या सासऱ्यांच्या पंथातला आहे.

"व्याह्यांना आमचं पुस्तक चालत नाही ना? मग त्यांच्याच विहिरीचं पाणी त्यांना पाजतो," असं म्हणून ते हसले. हसता हसता माझ्या रिकाम्या गळ्याकडं लक्ष गेलं, तसे हौदावर पाय धुवायला वळले.

माझा नवरा सुमंत वारला त्याला महिना होत आला होता. तिन्हीसांजेला मोटारसायकलवरून घरी येताना तो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता आणि सुमंत शुद्धीत नव्हता, दोन्ही खरं. कारखान्यातली हंगामी नोकरी सुटल्यापासून त्याचं पिणं वाढलं होतं, आणि पिणं वाढलं तसं देऊळही, म्हणजे चर्चला जाणंही, सुटलं होतं.

तो गेला तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. बायका गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांची पाठ थोपटायची. भाकरी थापायची, म्हैस पिळायची, निर्मलाला न्हाऊ घालायची. ती तीन वर्षांची होती आणि बाप कुठं गेला हे विचारायचं तिनंही सोडून दिलं होतं.

माझ्या माहेरी आम्ही कॅथलिक. आमच्यात माणूस गेलं की महिन्याच्या रविवारी त्याच्यासाठी मिस्सा होते. फादर वेदीवरून त्याचं नाव घेतात आणि सगळं देऊळ त्याच्यासाठी प्रार्थना करतं. गेलेल्या माणसाला अजून आपली गरज असते, असं आम्ही मानतो. सासरचे ओहोळ प्रॉटेस्टंट. त्यांच्यात मयताला प्रार्थना होते ती मागं राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. गेलेल्याचा निकाल देवापाशी लागलेला असतो, त्यात जित्या माणसानं लुडबूड करायची नाही.

मला सुमंतसाठी ती मिस्सा हवी होती. दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही. मी सासऱ्यांना मामा म्हणायची. मामांना विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच उत्तर दिलं. ओहोळांच्या माणसाचं नाव तिकडं घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच असेल तर मग तिकडंच राहायचं, ह्या घरातून दोन वाटा निघत नाहीत. मामा जन्मभर पाटावर पाटकरी होते. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात असायचं आणि पाटील असो की पावणा, कुणाची पाळी त्यांनी इकडची तिकडं केली नाही. तेव्हा ते बोलले म्हणजे बोलले. मी हे माहेरी कळवलं, आणि रविवार दोन दिवसांवर आला असताना बापू ही दोन बायबलं घेऊन हजर झाले.

बापू कारवाडीच्या चर्चचे कॅटेकिस्ट होते. फादर महिन्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस जपमाळ, धर्मशिक्षण, मयत, नवराबायकोची भांडणं, सगळं बापूंच्या गळ्यात. आमच्याकडची निम्मी गावं कॅथलिक आणि निम्मी प्रॉटेस्टंट. माणसं एकाच जातीची, पुष्कळदा एकाच भावकीची. सगळ्यांचे आजे एकाच विहिरीबाहेर पाण्यासाठी ताटकळलेले. पण एकांना आधी एक गोरा साहेब भेटला आणि दुसऱ्यांना नंतर दुसरा, एवढ्यावरून सोयरिकी मोडायच्या. त्यामुळं बापूंना बायबल तोंडपाठ ठेवावंच लागायचं. कुणी वाटेत अडवून विचारलं की मरियेला का मानता, तर उत्तर खिशात तयार पाहिजे.

माझी सोयरीक मोडली नाही, कारण सुमंत हट्टाला पेटला होता. आणि लग्नानंतर एक मजाच झाली. दोन्ही व्याह्यांना एकमेकांची चटक लागली. बापू आले की ओसरीवर बैठक बसायची आणि काथ्याकूट सुरू व्हायचा. मामा म्हणायचे, शास्त्रात लिहिलंय की पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका, आणि तुम्ही फादर फादर करीत फिरता. बापू म्हणायचे, पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमचा बाप झालो, मग आधी पौलाला मंडळीतून काढा. मामा म्हणायचे, येशूला भाऊ होते असं स्वच्छ लिहिलंय, मग मरिया कुमारी कशी राहिली? बापू विचारायचे, तुमच्या गावात चुलतभावाला काय म्हणतात, भाऊच ना? शेजारचे लोक ऐकायला येऊन बसायचे. शेरास सव्वाशेर. सुमंत चहा घेऊन यायचा आणि पायरीवर बसून निकाल द्यायचा: "आज बरोबरी. देवाला म्हणावं, उद्या या."

त्या दिवशी चहा मी केला. पायरी रिकामी होती आणि तिच्यावर बसायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मामांनी बापूंना घोंगडी अंथरून दिली, ख्यालीखुशाली झाली. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडत होत्या. महिनाभर त्या सारखं काहीतरी निवडत असायच्या, निवडलेलं परत सुपात घ्यायच्या आणि पुन्हा निवडायच्या. मी निर्मलाला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसले.

आत्यांचं असं का झालं होतं ते मला माहीत होतं. मयताच्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशक पुस्तकातून वाचलं होतं, झाड उत्तरेला पडो की दक्षिणेला, पडलं तिथंच राहतं. मग म्हणाले, आपण कुठल्या बाजूला झुकून उभे आहोत हे ज्यानं त्यानं पाहावं. त्यांनी सुमंतचं नाव घेतलं नाही. ते वाईट माणूस नव्हते, तरण्या पोरांना धाक बसावा म्हणून बोलले असतील. पण दोन वर्षं देवळात न आलेला आणि पिऊन मेलेला माणूस समोर पेटीत होता. आत्या त्याच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत होत्या, त्यांचा हात थांबला. मी तो हात थांबलेला पाहिला आणि मला काही वाटलं नाही.

बापूंनी सुरुवात स्वतःच्या बायबलातून केली. मक्काबी पुस्तक. लढाईत पडलेल्या माणसांच्या कपड्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले, म्हणजे ती माणसं पापात मेली होती; तरी यहूदा सरदारानं त्यांच्यासाठी वर्गणी काढून यरुशलेमला अर्पण धाडलं, त्यांची पापं धुतली जावीत म्हणून. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे पुस्तक आमच्यात नाही. बापू म्हणाले, मला ठाऊक आहे, ऐकायला गोड आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी टॉवेल सोडला आणि गिरणीवाल्याचं बायबल पुढं ओढलं.

पुढं काय येणार हे मला पाठ होतं. लहानपणी इतर पोरी गजगे खेळायच्या तेव्हा बापू मला वचनं पाठ करायला बसवायचे, हा असं म्हणाला तर तू काय म्हणशील? मत्तयाचं शुभवर्तमान आलं. येशू म्हणतो, पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाची क्षमा ह्या युगात नाही आणि येणाऱ्या युगातही नाही. बापूंनी विचारलं, मग बाकीच्या काही पापांची येणाऱ्या युगात होत असेल तेव्हाच असं बोलणार ना? मामांनी वधस्तंभावरचा चोर काढला. त्याला प्रभू म्हणाला, आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कुठं मधे थांबायला सांगितलं? बापू म्हणाले, त्या चोराला शेजारी प्रभू होता, त्यानं तोंडानं मागितलं. ज्याला मागायला वेळच मिळाला नाही त्याचं काय?

मामांनी लाजर आणि श्रीमंत माणूस काढला. मेल्यावर दोघांच्या मधे मोठी दरी, इकडून तिकडं कुणी जाऊ शकत नाही. बापूंनी पौलाचं करिंथकरांना पत्र काढलं, एखाद्याचं काम जळून जाईल पण तो स्वतः तरेल, विस्तवातून निघाल्यासारखा. मामा म्हणाले, ते कामाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. बापू म्हणाले, तरणार कोण, काम का माणूस?

हे एरवीसारखंच चाललं होतं. आवाज चढत होते, उतरत होते. शेजारचा एकजण कुंपणाशी येऊन उभा राहिला, पण आत्यांकडं बघून निघून गेला. मला वाटलं, हे दोघं सुमंतला ओसरीवर मधोमध ठेवून त्याच्या डोक्यावरून चेंडू टोलवतायत. राग यायला हवा होता. तो आला नाही. निर्मलाच्या केसात उवा झाल्यात का ते मी बघत बसले.

मग बापूंनी खालच्या आवाजात विचारलं, "व्याही, अनेसिफर कोण ठाऊक आहे का?"

मामांनी आठवून पाहिलं. नाव ऐकलं होतं, माणूस आठवेना. बापूंनी तीमथ्याचं दुसरं पत्र उघडून पुस्तक मामांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पाठ सांगू लागले. पौल रोमला कैदेत होता. सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा हा अनेसिफर त्याला हुडकत रोमला गेला, बेड्यांची लाज धरली नाही. पौल त्याचे किती गुण गातो. पण त्याला स्वतःला एका शब्दानं काही सांगत नाही. प्रभू त्याच्या घरच्यांवर दया करो, म्हणतो. पत्राच्या शेवटी सलाम सांगतो, तोही त्याच्या घरच्यांना. आणि त्याच्यासाठी काय मागतो? त्या दिवशी, म्हणजे न्यायाच्या दिवशी, त्याला प्रभूकडून दया मिळो.

मामांनी चष्मा लावला. पुस्तक त्यांच्याच पंथाचं होतं, ओळी त्यांनी आयुष्यात वीस वेळा वाचल्या असतील. त्यांनी बोट ठेवून वाचलं, मागं जाऊन परत वाचलं.

"मेला असं लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले.

"जिता होता असंबी न्हाई," बापू म्हणाले. "पण व्याही, तुमच्याकडं इतकी वर्षं माणसं येतायत. जाताना काय म्हणायची? सुमंतला सलाम सांगा म्हणायची ना? आता काय म्हणतात?"

काय म्हणतात ते मला माहीत होतं, कारण ते मलाच म्हणायचे. कालच दूधवाला म्हणून गेला होता, सुमंतच्या घरच्यांना सलाम. घरचे म्हणजे मी आणि माझी पोर, हे मला तिथं उंबऱ्यात बसून कळलं. कळलं एवढंच.

"पौल मेलेल्या मैतरासाठी दया मागतोय," बापू म्हणाले. "तुमच्याच पुस्तकात. पौलाला चालतं, मग माझ्या पोरीला का चालू नये?"

बापूंच्या तोंडावर ते जुनं तेज आलं होतं, जिंकल्यावर यायचं ते. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, पण इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते?

तेवढ्यात आत्यांनी सूप खाली ठेवलं. त्या अशा बैठकीत कधी बोलायच्या नाहीत. त्यांना वाचता येत नव्हतं. "तुमी दोघं एवढं शिकल्यालं," त्या म्हणाल्या. "मग मला एवढंच सांगा. सुमंत आता कुठंय?"

मामांनी बापूंकडं बघितलं आणि बापूंनी मामांकडं. शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी पापं जाळून घ्यायची जागा, हा शब्द बापूंच्या जिभेवर होता, मी पैजेवर सांगते. पण तो शब्द पोटची पोर विचारते तेव्हा सांगायला सोपा, आईनं विचारल्यावर तो कसा सांगायचा? मामांकडं तर सांगण्यासारखं त्याहून वाईट होतं. दोघांनी खाली मान घातली. आत्या थोडा वेळ वाट बघून सूप घेऊन आत गेल्या.

मामांनी चष्मा काढला, पुस्तक मिटून बापूंच्या हातात दिलं. "आज तुमी जिकलात व्याही," ते म्हणाले. "पण मिस्सा न्हाई. ह्या वयात मला हे खरं धरता यायचं न्हाई." बापूंनी विचारलं, शास्त्रात दाखवलं तरी? मामा म्हणाले, दाखवलं म्हणूनच. आणि म्हशीला चारा टाकायला उठून गेले.

बापूंना ते कळलं नाही. मलाही कळलं नाही. जेवताना बापू मला हळूच म्हणाले की उत्तर सुचलं नाही की माणूस असंच करतो. मी त्यांना आणखी आमटी वाढली.

सकाळी मी निर्मलाची झबली-फ्रॉक आणि माझी दोन लुगडी गाठोड्यात बांधली. हे धाडस नव्हतं. मला हे घर आणि ते घर यांत काही फरकच वाटत नव्हता. एका ठिकाणी सुमंतचं नाव घेणार होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते, एवढाच फरक होता, म्हणून मी तिकडं निघाले. आत्यांच्या पाया पडले. त्यांनी निर्मलाच्या गालावरून हात फिरवला, थांब म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत. मामा घरात दिसले नाहीत.

ते पाटाच्या पुलाशी उभे होते. व्याह्याला शिवेपर्यंत पोचवायची रीत होती आणि रीत त्यांनी मोडली नसती. त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आमच्याबरोबर चालू लागले. बापू उसाच्या भावाबद्दल काहीतरी बोलले, मामांनी हूं केलं. एसटी जिथं थांबायची त्या बाभळीखाली आम्ही आलो. मामांनी गाठोडं खाली ठेवलं, पण परत फिरेनात.

"त्या मिस्सेत एकच नाव घेतात का?" त्यांनी विचारलं. बापूंना नाही, मला.

मी म्हटलं, कितीही घेतात.

"मग आनखी एक घ्यायला सांग. भागूबाई."

बापूंनी विचारलं, ही कोण? मामा म्हणाले, माझी आय. बापूंना आनंद झाला. त्यांना वाटलं असणार, व्याही वळले. लगेच त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो त्यांच्या जागी कुठल्याही कॅटेकिस्टानं विचारला असता. "तिचं बाप्तिस्म्याचं नाव काय?"

"बाप्तिस्मा न्हाई झाला," मामा म्हणाले. "पटकीच्या साथीत गेली. मी इतका व्हतो." त्यांनी गुडघ्याच्या वर हात धरला. "मिशनची मानसं आमच्या वस्तीवर त्याच्या पुढल्या साली आली. बापाला, मला, भावाला पानी लागलं. तिचं राहून गेलं."

काखेतली दोन्ही बायबलं बापूंनी सावरून धरली. मग म्हणाले, बाप्तिस्मा नसेल तर जरा विचारावं लागेल, फादर आले की त्यांना विचारतो, कुठंतरी वचन असेल.

मामा मलाच सांगत राहिले. "मला लहानपनीच सांगितलं गुरुजींनी, जी विश्वासाबाहेर गेली ती गेली. मी मानलं. दर रविवारी देवळात बसलो, मंडळीचा वडील झालो, पन कुठं बसलीय माझी आय ते मला ठाऊक व्हतं. आता काल तुझा बाप म्हन्तो, मागितलं असतं तर दया व्हती. ते खरं धरलं तर काय झालं, सांग? एवढी वर्सं ती तिथं वाट बघत बसली आन मी तोंडातून एक शब्द काढला न्हाई. ते कसं खरं धरू मी?"

बापू काहीतरी बोलायला लागले. मी त्यांना बोलू दिलं नाही. बापाला मी जन्मात कधी अडवलं नव्हतं. "नाव घेतील मामा," मी म्हटलं. "सुमंतच्या लगोलग घेतील."

मामांनी मान हलवली. लांबून एसटीची धूळ दिसली तसं त्यांनी गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "म्हस तुझ्याबिगर पान्हा सोडत न्हाई. मिस्सा झाली की ये."

कारवाडीत त्या रविवारी फादर आले. मिस्सेच्या आधी बापू त्यांना नावं सांगायला गेले, मी मागं उभी होते. सुमंत ओहोळ हे नाव फादरांना ठाऊक होतं, त्यांनी माझ्याकडं बघून मान झुकवली. भागूबाई ओहोळ ऐकल्यावर त्यांनी सहज विचारलं, ह्या कोण? बापूंनी माझ्याकडं पाहिलं. बाप्तिस्मा, विधी, कोणाला काय चालतं, ह्या गोष्टींत बापूंनी कधी केसभर सूट घेतली नव्हती. फादर त्यांना गंमतीनं आमचे पोपसाहेब म्हणायचे.

"आमच्या घरातल्या आहेत," बापू म्हणाले, आणि घंटा वाजवायला गेले. अशा माणसासाठीही आमच्यात प्रार्थना चालते, फादरांनी नाही म्हटलं नसतं, हे मला पुष्कळ पुढं कळलं. पण बापूंना त्या दिवशी ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसून ते तसं बोलले. मला बापाचं आजवर सगळ्यात जास्त कौतुक त्याच वाक्याचं वाटतं.

नावं घेतली तेव्हा मी पुढच्याच बाकावर होते. फादरांनी आधी सुमंतचं घेतलं. मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. मग दुसरं नाव घेतलं. मागच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या, ही कोण भागूबाई म्हणून. सगळ्या देवळानं एकदम प्रार्थना म्हटली, मीही म्हटली. निर्मला माझ्या खांद्यावर झोपली होती. मिस्सा संपली, लोक मला भेटून गेले, आईनं जेवायला वाढलं, मी जेवले. संध्याकाळच्या गाडीनं सासरी निघाले.

मामा ओसरीवर बसले होते. आत्या आत चुलीपाशी होत्या, धूर बाहेर येत होता. मी गाठोडं खाली ठेवलं, हौदावर पाय धुतले. मामांनी लगेच काही विचारलं नाही. म्हशीला वैरण टाकलीय म्हणाले, पाट उद्या सुटेल म्हणाले. मग इकडंतिकडं बघून, आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"घेतलं का?"

"घेतलं मामा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मोठ्यानं घेतलं का पन?"

मी म्हटलं, हो, सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

"बरं झालं," मामा म्हणाले. "तिला कमी ऐकू यायचं."

मी निर्मलाला त्यांच्याजवळ बसवलं आणि गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला रडू आलं. सुमंत गेल्यापासून पहिल्यांदाच. आत्या चुलीपुढून उठून गोठ्याच्या दाराशी आल्या, पण आत आल्या नाहीत. बराच वेळ त्या तिथंच उभ्या राहिल्या.